आकाशात पाठवलेली पऱ्हाटी

गुडघ्यावर पऱ्हाटी मोडल्याचा आवाज मला अमरावतीत ऐकू येतो. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली-वर सगळी गॅसची घरं. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेलं कपाशीचं वाळकं झाड, ते या इमारतीत कोणी कशाला आणेल? तरी सकाळी चहाचं आधण ठेवलं की पाठीमागून येतो. कट्. बाभळीची फांदी मोडण्याआधी करकरते, तुरीची काडी नुसती पिचते. पऱ्हाटी एकदाच बोलते आणि संपते. पहिले काही दिवस मी वळून बघायची. आता बघत नाही.

मी भुतंखेतं मानणाऱ्या घरातली नाही. आमच्या घरातला देव्हारा आजोबांच्या काळात उचलला गेला आणि त्या जागी पुस्तकं आली. वरून मी प्रचारातली पोरगी. अंगात येणं, भानामती, यांच्याविरुद्ध चौकात उभी राहून बोललेली आहे. म्हणून हे लिहायची लाज वाटते. पण लिहिणार, कारण हा आवाज ज्या पत्रकातून निघाला ते पत्रक मीच लिहिलं होतं.

आमचा गट लहान आहे. धूर, पाणी, हवामान या विषयांवर बोंब मारणारी आठ-दहा पोरं-पोरी, आणि सगळ्यांत जुना एक माणूस, ज्याला सगळे दादा म्हणतात. राजकमल चौकाच्या मागं एका छापखान्यावरच्या खोलीत आम्ही बसतो. पत्रक कसं लिहायचं ते मला दादानं शिकवलं. पहिल्या ओळीत कोणाशी बोलतो ते सांग. मग त्याचं काय चुकतं ते सांग. शेवटी काय करायचं ते हुकूम सोडल्यासारखं सांग. "अन् 'कदाचित' लिवलं तर कागद तुझ्यासमोर फाडीन," असा त्याचा दम असायचा. मी तो शब्द कधी लिहिला नाही.

त्या हिवाळ्यात अमरावतीहून विमान आता उडणार, मग उडणार, असं चाललं होतं. शहरात आनंद, आमच्या खोलीत चरफड. बस बॅटरीवर चालवता येते, विमान नाही. तेवढं ओझं घेऊन ते जमिनीवरून उठणारच नाही. म्हणून विमान कंपन्यांनी आपल्या तेलात हळूहळू दुसरं तेल मिसळायचं कबूल केलेलं आहे. तळणाचं उरलेलं तेल, बियांचं तेल, पिकांच्या काडीकचऱ्यातून काढलेलं तेल. आकाशात जाणारा धूर त्यानं कमी होतो. हे सगळं मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं. हीच तर गोची आहे. खोट्या गोष्टीसाठी चूक केली असती तर सुटले असते.

नेमका तेव्हाच अकोल्याकडच्या एका कंपनीचा माणूस खोलीवर आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्यानं पिशवीतून औषधाची असते तेवढी एक बाटली काढली. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी.

"पऱ्हाटीतून निघालंय हे," तो म्हणाला. "विमानाला चालतं."

बाटली हातोहात फिरली. माझ्याकडं आली तेव्हा मी झाकण काढून वास घेतला. रॉकेलसारखा, पण मागं जरा गोडसर. माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते. ज्या झाडाच्या काट्याकुट्यांनी माझे हात लहानपणी ओरबाडले, ते झाड उडणार होतं.

"तुमच्या वऱ्हाडात पऱ्हाटीला काय तोटा? शेतकरी धुऱ्यावर, बांधावर ढीग घालून पेटवून देतात. तुम्ही फक्त सांगा, पेटवू नका. मशीन आम्ही आणतो, उचलतो आम्ही, वर शेतकऱ्याला दोन पैसेही देतो."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच संध्याकाळी लिहून काढलं. "शेतकरी बांधवांनो! शेतात वाया जाणारी पऱ्हाटी पेटवून तुम्ही आपल्याच लेकरांच्या छातीत धूर भरता. याच पऱ्हाटीतून विमानाचं हरित इंधन तयार होतं. पऱ्हाटी जाळू नका, आकाशात पाठवा!" दादानं एक काना-मात्रा बदलली नाही. छापखानेवाल्यानंही मान डोलावली. हिरव्या शाईत छापलं.

वाया जाणारी. हे शब्द मी लिहिले. मी.

आमच्या भागात एक नियम आहे. कुठं लिहिलेला नाही, तलाठ्याच्या दप्तरात सापडायचा नाही. शेवटची वेचणी झाली, म्हणजे उलंगवाडी झाली, की शेतातला कापूस मालकाचा आणि उभी पऱ्हाटी उपटणारीची. मालकाला रान मोकळं करून हवं असतं, बायांना चूल पेटवायला काडी हवी असते. बाया लोखंडी चिमट्यानं बुडात धरून एकेक झाड उपटतात, भारे बांधतात, डोक्यावर घेऊन घरी आणतात. मजुरी मागायची नाही, पऱ्हाटी द्यायची नाही म्हणायचं नाही. प्रत्येक दारापुढं भाऱ्यांची गंजी लागते आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती खाली खाली जात राहते. कोणाच्या घरी वर्ष कसं चाललंय ते गंजी बघून कळतं.

हे मला कोणी सांगितलेलं नाही. मी त्यात वाढले. बार्शीटाकळीच्या पुढं एका गावात माझ्या आईची थोरली बहीण राहते. आमच्याकडं तिला मोठी माय म्हणतात. माझे आई-बाप कामासाठी फिरतीवर असायचे म्हणून पहिलीपासून दहावीपर्यंत मी तिच्याकडं होते. तिचा नवरा आधीच गेलेला, एकुलती एक पोरगी अंजनगाव सुर्जीला दिलेली. घरात ती आणि मी. उलंगवाडीनंतर शाळा बुडवून मी तिच्यासोबत पऱ्हाटी उपटायला जायची. तळहाताला फोड यायचे, ते फुटायचे, मग गुरुजी वहीवरचे डाग बघून विचारायचे.

मी सातवीत असताना मोठ्या मायनं अंगणात न्हाणी केली. त्याआधी ती घरामागच्या धोंड्यावर, अंधार असतानाच, लुगडं अंगावर ठेवूनच आंघोळ करायची. स्वतःसाठी तिनं कधी आडोसा केला नव्हता. मी मोठी झाले तशी तिनं त्या साली गंजीतले चांगले सरळ, लांब पऱ्हाट्यांचे भारे बाजूला काढले. चूल अर्धी ठेवली, पण त्यांना हात लावला नाही. मग चार खुंट रोवून, पऱ्हाट्या उभ्या लावून, आडव्या काड्या बांधून, वरून माती-शेण लिंपून तिनं कुड उभा केला. कुड म्हणजे काडीची भिंत. आत एक फरशी. "आता उन्हं वर आल्यावर न्हात जा," ती म्हणाली. "कोनाच्या बापाले दिसनार नाई." गावात आमच्या वस्तीतली, पोरीसाठी बांधलेली ती पहिली न्हाणी होती. दहावीच्या परीक्षेच्या सकाळी मी तिच्या आत उभी राहून सनावळ्या पाठ केलेल्या आहेत.

आणि मी लिहिलं, वाया जाणारी.

पत्रकं घेऊन मी पहिल्यांदा गेले ते तिच्याच गावाला. मालक मंडळी पारावर बसली होती, त्यांना वाटली. मग मोठ्या मायकडं. ती चुलीपुढं बसून भाकर थापत होती. कोपऱ्यात सरकारी योजनेतला सिलिंडर, त्यावर फडकं, फडक्यावर भांडी. तो पाहुणा आला की चहापुरता चालायचा. दारापुढं मागच्या सालची गंजी गुडघ्याएवढी उरलेली.

"काय आनलं वं?"

"पत्रक. मी लिहिलंय."

तिनं हात धुतले. पदराला पुसले. कागद दोन्ही हातांनी घेऊन सगळीकडून बघितला आणि मला परत दिला. तिला वाचता येत नाही.

"वाच मंग. मोठ्यानं वाच, शेजारनीलेही आयकू जाऊ दे."

मी वाचलं. सभेत वाचतात तसं, शेवटच्या ओळीला आवाज चढवून. शेजारची काकू खरंच कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"विमानाले पराटी लागते?" मोठी माय म्हणाली. "मंग आतमंदी चूल असते काय?"

काकू हसायला लागली. "अन् चुलीच्या वायलावर भाकर भाजत असतीन!"

"चूल नाही, मोठे माय. तेल काढतात तिच्यातून."

"पराटीतून तेल! सरकीतून निघते हे आयकलं होतं. आता तं काडीलेही सोडत नाईत."

"धूर कमी होतो त्यानं."

"कोनाचा?"

"विमानाचा."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाली, "सगळं तूच लिवलं?"

"सगळं."

"ठेव मंग गठ्ठा इथं. देईन मी एकएक, जो येईन त्याले." आणि काकूला म्हणाली, "छापलं हाये, पाह्य. हिरवं."

त्या वेळी मी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं असतं तर? बघितलं नाही. मला शेवटची बस धरायची होती, पुढं दोन गावं बाकी होती.

त्यानंतर मी गेले ती एकदम एप्रिलमध्ये. बसमधून उतरून वस्तीत शिरले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ऊन तेच, कुत्री तीच. चार घरं ओलांडल्यावर कळलं. एकाही दारापुढं गंजी नव्हती. जिथं भारे असायचे तिथं जमिनीवर चौकोनी पांढुरके डाग होते, इतक्या वर्षांत ऊन न लागलेल्या मातीचे. घर पाडल्यावर जोतं दिसतं तसे. मी अंगणाअंगणातून त्या डागांना चुकवत चालले, का ते माहीत नाही.

मोठ्या मायच्या अंगणात न्हाणी नव्हती.

खुंट होते. चारही. त्यांना एक जुनं लुगडं गुंडाळलेलं होतं आणि वाऱ्यानं ते आत ओढलं जात होतं, परत फुगत होतं, जणू आत कोणी श्वास घेतंय. खाली लिंपणाच्या मातीचे पोपडे पडलेले. त्या पोपड्यांवर आतल्या बाजूनं पऱ्हाट्यांचे ठसे होते, उभे, शेजारीशेजारी.

"न्हाणीचं काय झालं?"

"जाळली," मोठी माय म्हणाली. साध्या आवाजात, कोथिंबीर संपली म्हणावं तसं. "काडी नोती. एकेक काढत गेली. हातपाय धू, चहा ठेवतो."

बाकीचं कुंपणावरून काकूनं सांगितलं, मोठी माय पाणी आणायला गेल्यावर. उलंगवाडी झाली, बाया नेहमीसारख्या चिमटे घेऊन मालकाच्या शेतावर गेल्या, तर तिथं मशीन उभं. पऱ्हाटी उभ्याउभी आत ओढायची आणि भुगा ट्रॉलीत ओकायची. बायांनी मालकाला विचारलं, भाऊ, हे काय? त्यानं खिशातून माझं पत्रक काढलं.

"वाचून दाखोलं ना त्यानं, बाई," काकू म्हणाली. "'पाहा,' म्हने, 'तुमच्याच वस्तीतल्या पोरीनं लिवलं. वाया जाते म्हनते. मी कुठी म्हनतो?' मंग सगळ्या तुया मोठ्या मायकडं पाह्याले लागल्या. काय बोलन थे? गावात दुसऱ्या वावरातही तसंच. आता नाल्यावर बाभूळ तोडाले जाव, तं तिथून हाकलतात. सिलिंडर भरनं का आपलं काम हाये?"

"कोणी तिला काही म्हणालं?"

"म्हनतीन नाई? एकजन म्हने, 'तुई पोरगी विमानात बसन, आपन माती खाऊ.' मीच म्हनलं असन, रागात. तुले खोटं काहून सांगू?"

आता ती रोज तांबडं फुटायच्या आधी न्हाते, असंही काकू म्हणाली. लुगड्यातून दिसतं म्हणून. धोंड्यावर, पूर्वीसारखी.

मी आत गेले. मला काहीतरी करायचं होतं, चूल तरी पेटवायची होती. पेटवायला कागद शोधत फडताळ उघडलं. वरच्या खणात युरियाच्या पोत्याच्या प्लास्टिकात गुंडाळून, सुतळीनं बांधून, माझ्या पत्रकांचा गठ्ठा ठेवलेला होता. जवळजवळ सगळा. हिरवी शाई तशीच.

मोठी माय दारात आली तेव्हा तो माझ्या हातात होता.

"हे का नाही जाळलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, तिच्यावरच. "भिंत जाळली अन् हे ठेवलं?"

तिनं घागर खाली ठेवली. तिला राग आलेला मी क्वचित बघितलाय.

"लिवलेला कागद चुलीत घालत असतात काय? तुले शिकवलं कायले मंग?"

तिनं गठ्ठा माझ्या हातातून घेतला, धूळ नव्हती तरी झटकला आणि परत वर ठेवला. मग बाहेर जाऊन एका खुंटाला उरलेली शेवटची काडी आणली, गुडघ्यावर ठेवली. कट्. तिच्यावर माझा चहा झाला. मी तो प्यायले. त्याच वेळी वरून विमान गेलं, नुकतंच सुरू झालेलं, अमरावतीहून मुंबईकडं जाणारं. काकूची नातवंडं ओरडत बाहेर पळाली. मोठ्या मायनं वर बघितलं नाही.

तो आवाज तेव्हापासून आहे.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले. डोक्यात एकच, निदान ती पऱ्हाटी कुठं गेली ते तरी बघू. कंपनीचं आवार एमआयडीसीच्या पलीकडं होतं. आत भुग्याचे ढीग, दोन माणसं उंच. एक यंत्र तो भुगा दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या बाहेर ढकलत होतं. त्या ट्रकमध्ये भरल्या जात होत्या. माझ्या ओळखीचा इस्त्रीचा शर्ट ऑफिसातून बाहेर आला. मला बघून त्याला आनंद झाला, हे विशेष.

"मॅडम! तुमच्या पत्रकानं फार काम केलं."

"हे ट्रक कुठं जातात?"

"कारखान्यांना. बॉयलरमध्ये जाळायला. कोळशाऐवजी."

"विमान?"

"ते पुढच्या टप्प्यात. त्याचा प्लांट वेगळा लागतो, मंजुरी चालू आहे."

"अन् बाटली?"

"ती नमुन्याची होती. बाहेरून मागवलेली." तो हसला. "अहो, एकदम थोडी उडणार पऱ्हाटी!"

मी हे जे लिहीत आहे त्यात शिवी बसत नाही, म्हणून त्याला काय म्हणाले ते सोडते. म्हणजे ती उडालीसुद्धा नाही. एका चुलीतून काढून दुसऱ्या चुलीत घातली, एवढंच झालं. फक्त दुसरी चूल मोठी होती आणि तिच्यापुढं कोणी बाई बसलेली नव्हती.

अमरावतीला येऊन दादाला सगळं सांगितलं. मी म्हणाले, पत्रक मागं घेऊ, नवीन काढू. त्यानं चष्मा पुसला.

"धोरण चूक आहे का?"

"नाही."

"विमानांनी तेल बदलायला नको?"

"पाहिजे. पण पऱ्हाटी वाया जात नव्हती, दादा. मला माहीत होतं."

"मग तेव्हा काहून नाही बोलली?"

याचं उत्तर आहे, पण ते पत्रकात लिहिण्यासारखं नाही. त्या खोलीत बसून मला मोठ्या मायची चूल आठवलीच नाही. मी "शेतकरी बांधवांनो" लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढं शेत असलेला बाप्या होता, चिमटा हातात असलेली बाई नव्हती. शिकून मी तिच्याशी बोलायची भाषाच सोडून दिली होती आणि त्याला मी काम म्हणत होते. नवीन पत्रक गटानं काढलं नाही. लोक गोंधळतील, असं ठरलं.

पावसाळा गेला. मी मोठ्या मायला फोन करायची, ती "जेवली का? पाऊस हाये का?" एवढंच बोलायची. चिडली असती तर बरं झालं असतं. दिवाळीनंतर तिचाच फोन आला, काकूच्या मोबाइलवरून.

"परवा सीतादही हाये भाऊच्या वावरात. येजो."

"बरं."

"अन् येतानी काई लिवून आनू नको."

भाऊ म्हणजे मशीन लावणारा तोच मालक, आणि सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. शेताच्या कोपऱ्यात मालकीण दगड मांडते, त्यावर फुटलेला कापूस वाहते, दहीभात दाखवते आणि मग तो पिकावर शिंपडते. आमच्या वस्तीतल्या बाया पूजेत नसतात, पण ती होईपर्यंत वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधून धुऱ्यावर थांबतात. दहीभात शिंपडल्याशिवाय कापसाला हात लागत नाही. आणि वेचाईचं, म्हणजे वेचणीच्या मजुरीचं, सगळं बोलणं त्याच धुऱ्यावर ठरतं. एकदा ओटीत कापूस पडला की मग त्या साली काही बदलत नाही.

त्या दिवशी रान पांढरंशुभ्र फुटलं होतं. आकाश भरून आलेलं, अवकाळीची भीती, मालक घाईत. हल्ली वेचायला बाया मिळत नाहीत हे त्यालाही माहीत होतं आणि बायांनाही. दहीभात शिंपडून झाला.

"चला, लागा बाप्पा पटापट," तो म्हणाला.

कोणी हललं नाही. मोठ्या मायनं ओटीतून एक घडी केलेला कागद काढला. हिरवी शाई मला दहा हातांवरून दिसली.

"भाऊ, एक कागद वाचाचा हाये."

"सभा हाये काय इथं?"

"सभा कायची? मांगच्या साली तुमी वाचला. औंदा लिवनारी वाचते." तिनं कागद माझ्यापुढं धरला. "वाच. जसं लिवलं तसं."

मी कागद घेतला. "शेतकरी बांधवांनो," मी वाचलं. पुढं "शेतात वाया" इथपर्यंत आले आणि थांबले.

"थांबली काहून? वाच."

"वाया जाणारी पऱ्हाटी…"

"बस. आता भाऊले सांग. तू लहान होती, तुया आंगोळीचं पानी कशावर तापे?"

"पऱ्हाटीवर."

"कोनाच्या वावरातल्या?"

"यांच्या."

"उपटली कोनं?"

"तू. अन् मी."

"मंग वाया कुठी गेली?"

मी मालकाकडं बघितलं. बायांकडं बघायची हिंमत नव्हती. "कुठंच नाही," मी म्हणाले. "मला माहीत होतं. मी खोटं लिहिलं."

  मालक वाईट माणूस नाही. त्यानं डोकं खाजवलं. "पोरी, तू तं लिवून मोकळी झाली. माहं पाह्य. मशीननं दोन दिवसांत वावर मोकळं भेटते, बोंडअळी भुग्यासंग जाते. गंजी लावू नका म्हून तं कृषीवालेही सांगून राहिले."

"अळीचं आमी पाहू," मोठी माय म्हणाली. "गंजी वावरात नाई, दारात राह्यते. पराटी आमची हाये का नाई, थे सांगा. नाई म्हना, आमी चाललो."

तेवढ्यात मालकीण, हातात दहीभाताचं ताट धरून उभी होती ती, वैतागून म्हणाली, "अवो, द्या ना जी. आभाळ पाहा. कापूस भिजल्यावर मंग तुमच्या मशीनले सांगा वेचाले."

दोन-चार बाया फिसकन हसल्या. मालकही हसला, पण हरल्यासारखा नाही. "अर्धी," तो म्हणाला. "नाल्याकडची अर्धी तुमची. कंपनीले मी शब्द देऊन बसलो, रस्त्याकडची त्यायची. अन् हे याच सालापुरतं."

मोठी माय बायांकडं वळली. डोळ्यांनीच काहीतरी ठरलं. मग ती वाकली आणि पहिलं बोंड तोडून ओटीत टाकलं.

जिंकलो म्हणून मी सांगणार नाही. अर्ध्यात वर्ष निघत नाही. माघात उलंगवाडी झाली तेव्हा मी चार दिवस जाऊन राहिले, चिमटा धरला, फोड आले. पलीकडं रस्त्याच्या बाजूला मशीन चालू होतं. दुपारी ते बंद पडलं की आमच्या चिमट्यांचा आवाज ऐकू यायचा. संध्याकाळी मोठ्या मायनं भारे मोजले नाहीत. सगळ्यांत आधी सरळ पऱ्हाट्या निवडून बाजूला काढल्या.

"चुलीला कमी पडेल," मी म्हणाले.

"पडू दे."

कुड बांधताना मी काड्या धरल्या, तिनं बांधल्या. लिंपणाची माती ओली होती तोवर ती तळहातानं सारखी करत होती. एकाच जागी पुन्हा पुन्हा. मी विचारलं, "मोठे माय, राग आहे का गं माझ्यावर?" ती म्हणाली, "वरच्या बाजूले माती दे." मी दिली.

निघताना तिनं फडताळातला गठ्ठा काढून माझ्या हातात ठेवला. तसाच, युरियाच्या प्लास्टिकात. एक पत्रक मात्र तिनं वरचं काढून घेतलं, घडी केली आणि परत खणात ठेवलं.

"हे एक राहू दे माह्यापाशी."

"कशाला?"

"भाऊनं याच सालापुरतं म्हनलं ना? पुढच्या सीतादहीलेही वाचा लागन. येजो."

गठ्ठा आता माझ्या खाटेखाली आहे. रद्दीत देता येत नाही. जाळायचं म्हटलं की मला तिचा चेहरा दिसतो. गटाचं काम मी सोडलेलं नाही. पुढच्या महिन्यात विमानाच्या तेलावरच एक बैठक आहे, मी बोलणार आहे. आज सकाळी आधण ठेवलं, वरून विमान गेलं, आणि आवाज आला. या वेळी पाठीमागून नाही. खाटेखालून.

मी गॅस बंद केला, खाली वाकून बघितलं आणि गठ्ठ्यातलं एक पत्रक बैठकीत वाचायला बाहेर काढलं.